लिमिट आली का?

मागे ऐकू येतंय ना? ओके. ठाण्यात, घंटाळीत बोलायचं म्हणजे जरा टेन्शनच असतं, कारण इथे समोर बसलेल्यांतले निम्मे लोक स्वतः कुठे ना कुठे व्याख्यान देऊन आलेले असतात. विषय दिलाय "शिक्षणासाठी केंद्राचं अनुदान आणि महापालिका". अनुदान म्हटलं की झोप येते, म्हणून मी शक्यतो पैसे म्हणेन. मी एकोणतीस वर्षं पालिकेच्या शाळेत काढली, शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. शाळा खाडीच्या अलीकडची की पलीकडची ते विचारू नका, सांगणार नाही, माझ्याबरोबरचे लोक अजून नोकरीत आहेत.

आधी एक काम करा, आज घरी गेलात की मालमत्ता कराचं बिल काढा. त्यात शिक्षण कराची ओळ असते. राज्याचा जो शिक्षण कर आहे तो पालिका नुसता गोळा करते आणि राज्याकडे भरते, म्हणजे आपल्याला वाटतं पालिकेला दिला, पालिका फक्त पोस्टमन. मग इन्कम टॅक्स भरता त्यावर सेस, म्हणजे करावरचा कर. 2004 मध्ये 2 टक्के शिक्षण सेस आला, 2007 मध्ये आणखी 1 टक्का, आणि 2018 पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून 4 टक्के. आणि सेसची गंमत काय, तर तो राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, इतर करांतला वाटा द्यावा लागतो पण सेस केंद्राकडेच राहतो. तर पैसे तुमच्या खिशातून गेलेत हे नक्की. आता ते परत चौथीच्या वर्गात कसे येतात ते बघू.

2018 मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिकचं अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण हे सगळं एकत्र करून समग्र शिक्षा झालं. 2025-26 च्या केंद्रीय बजेटमध्ये त्याला 41,250 कोटी होते, सगळ्या देशाला. आपल्या राज्यासाठी हिशोब 60-40, रुपयातले साठ पैसे केंद्राचे, चाळीस राज्याचे. केंद्राचा हप्ता आला की राज्याने आपला वाटा घालायचा, मग तो मुंबईत राज्याच्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडे, तिथून जिल्हा किंवा महापालिका, तिथून शाळा व्यवस्थापन समिती. या सगळ्या प्रवासात महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीत तो पैसा थांबतच नाही, पालिका म्हणजे कळवा स्टेशन आणि गाडी फास्ट, हॉर्न तेवढा ऐकू येतो.

मग कोणीतरी म्हणतं, अहो वित्त आयोगाचे पैसे तर थेट पालिकेला येतात. येतात ना. पण पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 26 साठी दहा लाखांवरच्या शहरांना जे दिलं ते हवा, पाणी आणि कचरा यांना बांधलेलं होतं, आणि आपण बृहन्मुंबईच्या समूहात मोजले जातो. त्यातून शाळेला खडूचा डबासुद्धा घेता येत नव्हता.

याचं मूळ मला घटनेत दिसतं. 1992 ला दोन दुरुस्त्या झाल्या, 73 वी पंचायतींसाठी, 74 वी शहरांसाठी. पंचायतींच्या यादीत सरळ लिहिलंय, प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण. शहरांच्या यादीत 18 विषय, त्यात शाळा हा शब्दच नाही, काय आहे तर "सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना". सौंदर्यविषयक! म्हणून भिंतीवर चित्रं काढायला आपल्याकडे पैसे पटकन मिळतात की काय देव जाणे. आणि दुसरीकडे आपल्या महापालिकांचा 1949 चा कायदा म्हणतो की प्राथमिक शाळा चालवणं हे बंधनकारक काम आहे. काम आपलं, पैसा दुसऱ्याचा.

हे नवीन नाहीये बरं का. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दिल्लीच्या नव्हे, तेव्हा कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना सक्तीचं शिक्षण सुरू करायची परवानगी द्या, आणि खर्चाचे तीन वाटे करा, दोन सरकारचे, एक स्थानिकांचा. गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले, त्यामुळे माणूस नुसतं "शिक्षण द्या" म्हणून थांबला नाही, आधी वाटे पाडले. 1912 ला मत झालं, 13 बाजूने आणि 38 विरुद्ध, बिल पडलं. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांसाठी सक्तीचा कायदा करून घेतला. पण तो दोनास एक वाटा काही आला नाही.

आता शाळेत येऊ. समग्र शिक्षातून शाळेला खर्चाला जे मिळतं, संयुक्त शाळा अनुदान म्हणतात त्याला. पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं. 101 ते 250 मुलं असतील तर वर्षाला 50,000, 251 ते 1000 असतील तर 75,000, हजारच्या वर 1 लाख. यात लाईट बिल, इंटरनेट, पाणी, खडू, बंद पडलेला पंखा, तुटलेली कडी, सगळं, आणि त्यातले निदान 10 टक्के स्वच्छतेवर. 400 मुलांच्या शाळेला 75,000 म्हणजे मुलामागे वर्षाला 187 रुपये पन्नास पैसे. 900 मुलं असली तरी तेवढेच 75,000, मग मुलामागे 83. पूर्वी सर्व शिक्षात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 500 रुपये वेगळे मिळायचे शैक्षणिक साहित्याला. मला ते 500 जास्त आवडायचे, खरं सांगतो, कारण ते कशावर घालायचे ते शिक्षक ठरवायचा. आमच्या एका बाईंनी त्यातून वजनकाटा आणला होता, मुलं दिवसभर एकमेकांच्या चपला मोजत होती.

रक्कम छोटी आहे याचं मला एवढं काही नाही, संसार करतो माणूस छोट्या रकमेत. त्रास वेगळाच आहे. हल्ली शाळेच्या खात्यात पैसे नसतात, खातं झिरो बॅलन्स. 2021-22 पासून सगळा पैसा वर एकाच खात्यात राहतो आणि शाळेला खर्चाची मर्यादा येते, तिला आम्ही लिमिट म्हणतो. दोन मुख्याध्यापक भेटले की पहिला प्रश्न, लिमिट आली का? व्याज वाया जाऊ नये, पैसा पडून राहू नये, हेतू चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे लिमिट यायची मार्चमध्ये. जूनमध्ये पावसाचं पाणी वर्गात येतं, आणि पत्रे दुरुस्तीचे पैसे मार्चमध्ये, उन्हाळ्यात, आणि 31 तारखेच्या आत खर्च केला नाही तर लिमिट परत. मग ठराव, तीन कोटेशनं, बिल, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या साईटवर एंट्री, त्यात साईट बंद, आणि त्यानंतर पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जांभळी नाक्यावर चेहरा पडलेला कोणी दिसला तर समजा मास्तर आहे. दहा महिने स्वतःच्या खिशातून चालवायचं, कुणी बोलत नाही पण चालवतात सगळे.

गणवेशाचंही तेच. वर्षाला एका मुलाला दोन जोडांचे मिळून 600 रुपये. तीनशे रुपयात शर्ट-पँट शिवून दाखवा मला. तरी शाळा व्यवस्थापन समिती असायची, कायद्याने त्यात 75 टक्के पालक, निम्म्या बायका, त्या आया बाजारात जाऊन घासाघीस करून आणायच्या आणि जून-जुलैत पोरं नवीन कपड्यात दिसायची. 2024-25 ला राज्याने ठरवलं, एक राज्य एक गणवेश, कापड वरून येणार, शिवणार बचत गट. झालं काय, कित्येक ठिकाणी अर्धं वर्ष गेलं तरी कपडे नाहीत, आले ते कुणाला ढगळ कुणाला आखूड. शेवटी वर्षाअखेरीस निर्णय फिरवला आणि काम परत समितीकडे दिलं. मापं त्या आयांकडेच होती ना!

आणि पट. यू-डायसला, म्हणजे शाळांची माहिती केंद्राकडे भरतात त्याला, 30 सप्टेंबरचा पट धरतात. आमच्या शाळेत दगडखाणीवरची, नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुरांची मुलं. ती येतात दिवाळीनंतर, जालना, परभणीकडून, गावचं काम संपलं की. म्हणजे 30 सप्टेंबरला ती आमच्या कागदावर नाहीत, आणि गावच्या कागदावर आहेत पण बाकावर नाहीत. एका वर्षी आमचा पट 248. तीन मुलं मिळाली की 25,000 जास्त! मी आणि शिपाई दोघं संध्याकाळचे वस्तीत फिरायचो, अहो पोरगं शाळेत घाला, लग्नाला मुलगी बघावी तसे. शिपाई मला म्हणाला, सर, एवढं तर इलेक्शनला पण कोणी फिरत नाही.

... तिकडून काकू विचारतायत, तीन मुलं मिळाली का? दोन मिळाली. पट 250. एक कमी पडला, 50,000 वरच राहिलो. आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी गेटवर एक बाई उभी, कडेवर एक आणि मागे रांगेत चार, थोरल्या पोरीच्या हातात सगळ्यांचे दाखले, प्लास्टिकच्या पिशवीत. नावं घातली चौघांची. बाकं नव्हती, सतरंजी घातली, तीही माझ्या घरची, बायको अजून विचारते कुठे गेली म्हणून.