गोल खाल्ल्यानंतरचं अर्धं मिनिट

(नाशिकमध्ये फुटबॉल शिकणाऱ्या मुलामुलींचे पालक आणि प्रशिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गोल झाला की बाकीची पोरं मान खाली घालून मधल्या रेषेकडे चालू लागतात. कीपरला मात्र जाळीतून चेंडू काढावा लागतो. त्या वेळी त्याची नजर कुठे जाते ते बघा. ती जाते बाबांकडे, नाहीतर सरांकडे. तिथे कपाळावर मारलेला हात दिसला, की पुढचा चेंडू येईपर्यंत डोक्यात तो हातच असतो. ‘घाबरू नकोस’, ‘कॉन्फिडन्स ठेव’ असं बाहेरून ओरडून भीती जात नाही. आता नेमकं काय करायचं हे ठाऊक असलं, की ती आवाक्यात येते. आणि ते सरावात शिकवता येतं.

पण मनाआधी शरीर. आपली मैदानं तुम्हाला माहीत आहेत. दिवाळीनंतर माती वाळते, मुरूम वर येतो, आणि थंडीतल्या सकाळी सहाला तर जमीन दगडासारखी लागते. अशा जमिनीवर पहिल्याच आठवड्यात डाइव्ह, म्हणजे चेंडू अडवायला बाजूला झेप, मारायला लावलेलं पोरगं खुब्यावर आपटतं आणि पुढच्या आठवड्यात पाय हलवत नाही. आपण म्हणतो, घाबरट आहे. घाबरट नाही हो, खुबा दुखतोय त्याचा! डाइव्ह शिकवायची ती पावसाळ्यात, मैदान मऊ असताना. नाहीतर शाळेच्या लांब उडीच्या खड्ड्यात. आधी फावड्याने वाळू मोकळी करून, खडे वेचून घ्या.

क्रम चार टप्प्यांचा आहे: बसून, गुडघ्यांवर, उकिडवं आणि शेवटी उभ्याने. प्रत्येक बाजूला सहा-सहा, आणि कच्ची बाजू आधी, कारण दमल्यावर पोरं ती टाळतात. उभ्याने पडताना जमिनीला आधी पोटरीची बाहेरची बाजू लागावी, मग मांडी, मग कुल्ह्याचा मांसल भाग, शेवटी बरगड्यांची बाजू आणि खांदा. कोपर अंगाखाली आलं, की चेंडू सुटतो आणि खांद्याला झटका बसतो. चेंडूमागे एक हात, चेंडूवर दुसरा, आणि खालून जमीन, अशी तीन बाजूंनी पकड हवी. मूल डाइव्ह मारताना पाठीमागच्या बाजूला पडत असेल, तर ते चेंडू अंगावर यायची वाट बघतंय. त्याला तिरपं पुढे झेपावायला लावा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला एका सत्रात उभ्याने वीसच्या वर डाइव्ह नकोत.

गोलपोस्टचं मापही बघा. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. चौथी-पाचवीतल्या मुलीच्या डोक्यावरून गेलेला लॉब, म्हणजे उंच उचललेला चेंडू, ही तिची चूक नाही, ती उंची आहे. लहानांसाठी १२ बाय ६ फुटांचा गोल पुरतो. नसेल तर मोठ्या गोलात सरावाचे प्लास्टिकचे कोन (शंकू) लावून जागा कमी करा.

आता ते अर्धं मिनिट. चेंडू जाळीतून काढून मधल्या रेषेकडे फेकायचा. मैदानाकडे पाठ करून दोन श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. लांब उच्छ्वासाने छातीतली धडधड उतरते. मग ग्लोव्हचा पट्टा उघडून पुन्हा घट्ट लावायचा. पट्टा बसला, गोलचा विषय संपला. वळायचं आणि एका डिफेंडरला नाव घेऊन एक काम सांगायचं: ‘आठ नंबर तुझा!’ हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बोलताना मुलाचं लक्ष स्वतःवरून खेळावर जातं. शिट्टीच्या आधी तो आपल्या जागी तयार हवा.

हे मॅचमध्ये आपोआप होत नाही. सरावात आपण चेंडूमागून चेंडू मारत राहतो. मूल उठायच्या आत पुढचा शॉट येतो. त्यातून ते चिडायला किंवा सोडून द्यायला शिकतं. गोल झाला की वीस-पंचवीस सेकंद थांबा, त्याला हे सगळं करू द्या, मगच पुढचा शॉट मारा. वेळ वाया जात नाही, तोच सराव आहे. २०२३च्या सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल) स्पर्धेच्या बंगळुरूमधल्या अंतिम सामन्यात भारतावर कुवेतने पहिल्या पंधरा मिनिटांतच गोल केला होता. भारताचा कीपर गुरप्रीत सिंग संधू तिथे अडकून राहिला नाही. त्याच सामन्याच्या पेनल्टी शूटआउटमध्ये, सडन डेथला, म्हणजे एक चूक झाली की सामना संपतो त्या टप्प्यात, त्याने अडवलेल्या पेनल्टीवर भारत जिंकला.

पालकांना एक विनंती, कळकळीची. गोलच्या मागे उभे राहू नका. स्कूटरवर घरी नेताना मॅचचा विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारा: ‘तुला काय दिसलं?’ मग वहीत प्रत्येक गोलसमोर लिहा: जागा चुकली, निर्णय चुकला, हात चुकला, की अडवणं शक्यच नव्हतं. तीन गोल खाल्ले म्हणून वाईट खेळला, हा हिशेब बंद करा. बऱ्याच गोलांची सुरुवात पुढे कुणाच्या तरी पायातून होते.

पेनल्टीला मूल मधे उभं राहिलं आणि चेंडू कोपऱ्यात गेला, की बाहेरून ओरड होते, ‘अरे, उडी तरी मार!’ इस्रायली संशोधकांनी २००७ साली २८६ पेनल्टींचा अभ्यास मांडला. सुमारे २९ टक्के चेंडू मधे आले होते; कीपर मधे थांबले फक्त ६ टक्के वेळा. थांबून गोल खाल्ला तर काहीच केलं नाही असं दिसतं, म्हणून मोठमोठे कीपरही उडी मारतात. आपली पोरं तरी त्या ओरडीपोटी उडी मारायला नकोत. उडी मारो की थांबो, ठरवलेलं शेवटपर्यंत करण्याची मोकळीक त्यांना द्या.

कणखरपणाच्या नावाखाली एक गोष्ट मात्र कधीच करू नका. डोक्याला मार लागला, मूल गोंधळलं, उलटीसारखं वाटतंय म्हणालं, की त्याला लगेच बाहेर काढायचं, डॉक्टरांना दाखवायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. २०१८च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन मोठ्या चुका झालेल्या लिव्हरपूलच्या कीपरला, लोरिस कारियसला, मेंदूला धक्का बसला होता, हे डॉक्टरांनी सामन्यानंतर सांगितलं. तोवर जगभर त्याची टिंगल होऊन गेली होती. म्हणून दुसरा कीपर कायम तयार ठेवा, आणि त्याला एरवीही ठरवून अर्धा सामना खेळवा. नाहीतर नेमक्या अशा वेळी तुम्ही पहिल्यालाच विचाराल, ‘खेळशील ना रे?’ आणि तो हो म्हणेल.