पा-तुम, पा-तुम! बेर्गाची आग आणि रानातली वेल

मंडळी, एक सांगून ठेवतो. बेर्गा स्पेनमध्ये आहे हे खरं, पण तिथल्या माणसाशी बोलताना आधी कातालोनिया, म्हणजे स्पेनमधला त्यांचा स्वायत्त प्रांत, म्हणायचं, स्पेनचं नंतर बघू. बार्सेलोनापासून शंभरेक किलोमीटर उत्तरेला, पिरेनीजच्या पायथ्याशी हे गाव. वस्ती सतराएक हजार. डोंगरावर केराल्तच्या माउलीचं देऊळ आणि पलीकडे २,५०६ मीटर उंचीचा, दुबेळक्यासारखा दिसणारा पेद्राफोर्का. एके काळी इथे सूतकताईचा मोठा धंदा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या कारागिरांनी सूत कातायचं यंत्र तयार केलं, त्याला गावाच्या नावावरून ‘बेर्गेदाना’च म्हणतात.

पण आज आलोय ते पातुम नावाच्या इथल्या आगीच्या उत्सवासाठी. कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या आठवड्यात, म्हणजे मे-जूनमध्ये, सान पेरे चौकात ती भरते. मध्ययुगातल्या धार्मिक मिरवणुकीतली सोंगं मागे राहिली, त्यांचाच हा उत्सव झाला. नाव कुठून आलं? ताबाल नावाचा मोठा ढोल वाजतो ‘पा-तुम, पा-तुम’, म्हणून पातुम! युनेस्कोने २००५ साली तिचा गौरव केला.

सोंगांत राक्षस आहेत, बुटके आहेत, मुकुट घातलेला गरुड आहे. आणि एक गीता आहे. हसू नका, उच्चार खरंच तसाच आहे! लाथाळ खेचरावरून आलेलं नाव. लांब मानेचं हे जनावर तोंडात फटाके धरून गर्दीच्या अंगावर येतं. अशा दोन आहेत. धाकटीला लोक ‘वेडी गीता’ म्हणतात.

आता हा फोटो जरा निरखून बघा. हा माणूस ‘प्लेन’ होणार आहे, म्हणजे आगीचा सैतान. अंगात जाड कपडे, तोंडावर मुखवटा, शिंगांना आणि शेपटीला फटाके. आणि गळ्याभोवती, डोक्याभोवती हा पाल्याचा भारा कसला? ती विदाल्बा, आसपासच्या रानातून आणलेली वेल. आपल्या सह्याद्रीत रानजाई, मोरवेल फुलते ना, तिच्याच कुळातली. ओली, हिरवी, रसरशीत असते, म्हणून ठिणगी चटकन धरत नाही. सैतानाला स्वतःला ती नीट गुंडाळता येत नाही. त्यासाठी वेगळी माणसं असतात. ती एकेक वेल ओढून, खोचून, मानेवर कुठे उघडं राहिलंय का ते बोटांनी चाचपून बघतात. मला विचाराल तर खरा वारसा त्या बोटांत आहे, युनेस्कोच्या कागदात नाही.

मग चौकातले दिवे विझतात. शंभरेक सैतान एकदम पेटतात, संगीत सुरू होतं, आणि शेवटचा फटाका फुटेपर्यंत सगळा चौक नाचतो. बघ्यांनीही जुने सुती कपडे आणि टोपी घालूनच जावं. नायलॉन अजिबात नको!

शुक्रवारी मुलांची पातुम असते. लहान गरुड, लहान गीता, लहान सैतान, आणि त्यांच्याही मानेभोवती तीच हिरवी वेल.