खालचं बोट सोडू नका

नमस्कार श्रोतेहो. रक्ताभिसरणावर बोला म्हटलं की मी विल्यम हार्वेवर घसरतो. आजही तुमची सुटका नाही.

तेव्हाचे वैद्य मानायचे की यकृतात सतत नवं रक्त तयार होतं आणि ते अंगातच जिरतं. लंडनच्या या डॉक्टरनं १६२८ साली सरळ गुणाकार मांडला. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त निघतं, ते अगदी हात आखडून धरलं. त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणलं. उत्तर आलं ते अख्ख्या अंगात असतं त्याहून जास्त! एवढं रक्त येणार कुठून? म्हणजे तेच फिरून परत येतंय.

पण जातं कुठल्या दिशेनं? करूनच बघा. गाडी चालवत असाल तर नंतर. हात खाली सोडा. मनगटाजवळची फुगलेली शीर एका बोटानं दाबा. दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त कोपराकडे सारा आणि हे वरचं बोट उचला. खालचं सोडू नका हं, खालचं दाबलेलंच. शीर सपाट राहिली ना? वरचं रक्त खाली उतरत नाही, कारण आत झडपा आहेत. हार्वेच्या पदुआतल्या गुरूंनी, फॅब्रिशियसांनी, त्या पाहिल्या होत्या. त्यांचं खरं काम शिष्याला उमगलं. आता सोडा खालचं बोट. भरली? झडप रक्ताला हृदयाकडेच जाऊ देते.

पायातलं रक्त वर ढकलते ती पोटरी. चाललात की ती शिरा पिळते, बसून राहिलात की रक्त खालीच रेंगाळतं. म्हणून तासाभरानं उठा. उठता येत नसेल तर टाचा वरखाली करा. माझं विचाराल तर ऑफिसातल्या मीटिंगा उभ्यानंच घ्याव्यात. निम्म्या तर होणारच नाहीत.

खाण्याचं थोडक्यात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, पाकिटातल्या खाण्यातलं धरून. पालेभाज्या आणि बीट यांतल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं, त्यानं धमन्या सैलावतात. हा वायू रक्तवाहिन्यांना सैलावण्याचा निरोप देतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. आणि तंबाखू, ओढायची असो की चघळायची, बंद.

एक मात्र पुन्हा सांगतो. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, तर चोळत बसू नका. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुठळी असू शकते.