पाटीवरची द्राक्षं

हा दगड बघा. काळसर निळा, पापुद्र्यांचा. बोटानं उचकटलं की कपचा सुटतो. ज्या पाटीवर आपण ग म भ न गिरवलं, ती याच जातीच्या दगडाची. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी द्राक्षवेली उभ्या आहेत त्या या कपच्यांत. माती शोधावी लागते.

उत्तर अक्षांश साधारण ५०. इथं द्राक्ष पिकवायचं म्हणजे उन्हाची पै-पै जमवायची. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर तिरपं ऊनही बऱ्यापैकी सरळ पडतं. खालून नदीचं पाणी आणखी थोडं ऊन वर फेकतं. आणि हा दगड दिवसभर तापतो, रात्री सावकाश निवतो.

ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा द्राक्षबागांचा उतार. चढ काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत! ट्रॅक्टरचं नाव काढू नका. एकाच रुळावरून चढणारी छोटी गाडी, नाहीतर आपले पाय. पावसानं कपच्या घसरल्या की त्या पुन्हा वर वाहून न्यायच्या. आपल्याकडे मांडव असतो, तारा असतात. इथं वेलीगणिक एक खुंटा, आणि दोन फांद्या वाकवून बांधलेल्या, थेट पत्त्यातल्या बदामासारख्या.

वेलेन गावासमोरच्या उतारावर १८४२ सालचं सूर्यघड्याळ आहे, योडोकुस प्रूम यांनी बांधलेलं. बागेत राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. पुढे त्या बागेचं नावच ‘सूर्यघड्याळ’ पडलं.

वाण मुख्यतः रिस्लिंग. घड ऑक्टोबरपर्यंत, कधी त्याहून पुढे वेलीवर ठेवतात. रात्री गार, म्हणून गोडी भरताना आंबटपणा जात नाही. थंड तळघरात रसातल्या साखरेचा मद्यार्क करून वाइन बनवणारं यीस्टही मध्येच गारठतं. साखर थोडी मागे उरते, मद्यार्क कधीकधी जेमतेम ८ टक्के. घोट घेतला की आधी हिरवं सफरचंद, मग ओल्या बोळ्यानं पुसलेल्या पाटीचा वास. दगडाची चव अशी थेट वाइनमध्ये उतरते, हे भूगर्भशास्त्रज्ञ मानत नाहीत. नाकाला कोण समजावणार?

आणि एक वाइन अशी, जिला ऊन पुरत नाही, कडाका लागतो. आइसवाइन. पारा उणे ७ किंवा त्याखाली गेला की अंधारातच घड तोडायचे आणि गोठलेलेच दाबायचे. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, गाळून येतो तो दाट गोड रस.

२०१९ च्या पिकातले काही घड असेच राखून ठेवले होते. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, फेब्रुवारीही सरला. पारा तेवढा उतरलाच नाही. त्या हंगामात साऱ्या जर्मनीत कुठंच आइसवाइनची तोडणी झाली नाही.