हक्क, रिळं आणि तीन सिनेमे

नमस्कार, श्रोतेहो.

एखाद्या सिनेमाचं नाव कधी कानावर आलेलं नसलं, की आपण पटकन निकाल देऊन मोकळे होतो. एक तर तो टाकाऊ असणार, नाहीतर फार थोर असून लोकांना कळला नसणार. मला दोन्ही पटत नाहीत. असे सिनेमे हुडकून पाहायची मला खोड आहे, आणि त्यातले बरेचसे खरोखर कंटाळवाणे निघतात. पण जे चांगले निघतात ते मागे का पडले, हे पाहायला गेलं तर कारण पडद्यावर क्वचितच सापडतं. ते सापडतं करारनाम्यांत आणि गोदामांत.

'कार्निव्हल ऑफ सोल्स' घ्या. १९६२ सालचा अमेरिकी कृष्णधवल भयपट. दिग्दर्शक हर्क हार्वी एरवी कॅन्ससमधल्या एका कंपनीसाठी शाळा-कारखान्यांत दाखवायच्या माहितीपटांचं काम करायचे. ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअर नावाची ओसाड पडलेली करमणुकीची इमारत त्यांच्या नजरेत भरली आणि तिच्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकडून गोष्ट लिहून घेतली. मोटार पुलावरून नदीत कोसळते. एक तरुणी एकटीच चिखलातून वर येते, दुसऱ्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरते आणि एक पांढराफटक माणूस तिचा पिच्छा सोडत नाही. त्या माणसाचं काम खुद्द हार्वींनीच केलंय.

संवाद लाकडी आहेत. मधूनमधून ओठ एकीकडे नि शब्द दुसरीकडे. तरी मी हा सिनेमा पुन्हा पाहते, तो त्यातल्या आवाजासाठी. दुकानात नवा पोशाख अंगावर घालून बघायला ती आत जाते, बाहेर येते आणि भोवतालचा आवाजच बंद झालेला असतो. विक्रेतीला ती दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. किंकाळी नाही, रक्त नाही. आपण बोलतोय आणि पलीकडे कुणी ऐकतच नाहीये, ही भीती मायक्रोफोनसमोर बसणाऱ्या बाईला जरा जास्तच कळते!

पुढची गंमत ऐका. वितरणाच्या प्रतींवर कॉपीराइटची सूचना घालायचीच राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात तेवढ्यानं हक्क जायचा. फुकट मिळतोय म्हटल्यावर टीव्ही केंद्रांनी तो रात्री-अपरात्री लावला, आणि झोप न येणाऱ्यांनी त्याला चाहता वर्ग मिळवून दिला. करणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही, सिनेमा मात्र तरला.

चार्ल्स बर्नेट यांच्या 'किलर ऑफ शीप'चं नेमकं उलटं झालं. विद्यापीठातल्या पदवीसाठी, लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, मुख्यतः शनिवार-रविवारी, दहा हजार डॉलरहून कमी खर्चात सोळा मिलिमीटरवर केलेलं हे काम. नायक स्टॅन कत्तलखान्यात राबतो, त्याला झोप लागत नाही. गोष्ट म्हणावी अशी गोष्ट नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातलं इंजिनाचं प्रकरण पाहा. स्टॅन आणि त्याचा मित्र पैसे मोजून मोटारीचं जुनं इंजिन घेतात, धापा टाकत जिन्यावरून उतरवतात, टेम्पोच्या अगदी कडेला ठेवतात. ठीक आहे, राहील, म्हणतात. गाडी हलते आणि इंजिन रस्त्यावर. दोघं नुसते बघतात. गरिबीवरची कितीतरी भाषणं या एका प्रसंगापुढे मला फिकी वाटतात.

यात गाणी सुरेख वापरलीत, आणि तीच नडली. त्यांचे हक्क घेतलेले नव्हते, आणि ते घ्यायचे तर मूळ खर्चाच्या कित्येक पट रक्कम लागणार होती. त्यामुळे सत्तरच्या दशकातला हा सिनेमा रीतसर चित्रपटगृहांत लागला तो २००७ मध्ये! मधल्या काळात, १९९० मध्ये, अमेरिकेनं जपून ठेवायच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याचं नाव घातलं होतं. म्हणजे राष्ट्राचा ठेवा, पण तिकीट काढून बघायची सोय नाही.

टीव्हीची कथा आणखी रोखठोक. साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग होती, म्हणून बीबीसीसारख्या संस्थेनंही जुने कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवे घेतले. त्यांतल्या कितीतरी नाटकांबद्दल चांगलं-वाईट काही बोलायची सोयच उरलेली नाही.

बार्बरा लोडेन यांचा 'वांडा' (१९७०) हा अमेरिकी सिनेमा मात्र नष्ट होण्यापासून थोडक्यात वाचला. लिहिला, दिग्दर्शित केला आणि मुख्य कामही त्यांचंच. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, पण मायदेशी फारसं कुणी विचारलं नाही. १९८० मध्ये त्या गेल्या. दुसरा पूर्ण लांबीचा सिनेमा झालाच नाही. एक लॅब बंद होत असताना मूळ रिळं जतन करणाऱ्यांच्या हाती लागली, म्हणून आज त्याची नीट प्रत आहे. नायिका मला चिडवते, खरं सांगते. काहीही घडलं तरी ती कुणाच्या तरी मागे चालू लागते. पण लोडेन तिची बाजू घेत नाहीत आणि तिला शहाणपणही शिकवत नाहीत, म्हणून मी शेवटपर्यंत बसले.

सुरुवात करायचीच असेल तर 'कार्निव्हल'पासून करा, कानाला हेडफोन लावून. 'वांडा' दमलेल्या संध्याकाळी मात्र लावू नका, दहा मिनिटांत बंद कराल आणि दोष मला द्याल. नमस्कार.