निकाल इटालियनमध्ये, हसणं पोर्तुगीजमध्ये

मंडळी, सुरुवात एका पेनल्टीपासून करतो. 15 डिसेंबर 2002. साओ पावलोचं मोरुंबी स्टेडियम, ब्राझीलच्या राष्ट्रीय लीगची अंतिम लढत, सांतोस विरुद्ध कोरिंथियन्स. बगलेवर अठरा वर्षांचा काटकुळा पोरगा, पाठीवर सात नंबर. समोर रोजेरियो नावाचा बचावपटू. पोरगा पळतोय, पण चेंडूला पाय लावतच नाही. नुसता वरून फिरवतो, उजवा, डावा, उजवा, डावा, आठ वेळा. रोजेरियो मागं सरकत सरकत पार पेनल्टी बॉक्समध्ये जातो आणि शेवटी त्याला आडवा करतो. पेनल्टी त्या पोरानंच घेतली. गोल. तिकडे या प्रकाराला ‘पेडालादा’ म्हणतात, सायकलचं पेडल मारल्यासारखं.

हा रॉबिन्हो. त्यांच्या उच्चारात होबिन्यो, पण आपण कोल्हापुरात इतकी वर्षं रॉबिन्होच म्हणत आलोय, तेच चालू द्या. पेलेच्या क्लबातून पुढे आलेला. पुढे रेआल माद्रिद, मग 2008 साली मँचेस्टर सिटीनं त्याच्यासाठी सव्वातीन कोटी पौंड मोजले, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. मग एसी मिलान. ब्राझीलसाठी शंभर सामने. आपल्या पेठांमध्ये ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीवर जीव टाकणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

आता दुसरी तारीख. 22 जानेवारी 2013, मिलान शहरातला एक नाइट क्लब. एक अल्बेनियन तरुणी आपला तेविसावा वाढदिवस साजरा करायला आलेली. त्या रात्री रॉबिन्हो आणि त्याच्या मित्रांनी, एकूण सहा पुरुषांनी, तिच्यावर सामूहिक बलात्कार केला, असं इटलीच्या न्यायालयानं ठरवलं. चौघं तोवर इटलीतून निघून गेले होते, म्हणून खटला दोघांवरच चालला. 23 नोव्हेंबर 2017 ला नऊ वर्षांची शिक्षा. डिसेंबर 2020 मध्ये अपिलात कायम. 19 जानेवारी 2022 ला रोमच्या सर्वोच्च न्यायालयानं शेवटचा शिक्का मारला. रॉबिन्हो आजही म्हणतो की जे झालं ते संमतीनं झालं. तीन पायऱ्यांवरच्या न्यायाधीशांना ते पटलं नाही.

मला आज निकालाबद्दल कमी आणि लोकांबद्दल जास्त बोलायचंय.

2017 चा निकाल आला तेव्हा हा माणूस ब्राझीलमध्येच, आत्लेतिको मिनेइरोकडून खेळत होता. बातमी जगभर गेली. मग काय झालं? तो तुर्कस्तानात गेला, आधी सिवासस्पोर, मग इस्तंबूलचा बाशाकशेहिर. 2020 साली तिथल्या लीग विजेत्या संघात तो होता. जवळजवळ तीन वर्षं नऊ वर्षांची शिक्षा नावावर घेऊन तो खेळला, पगार घेतला, चाहत्यांबरोबर फोटो काढले. कायद्यानं त्यात काही गैर नव्हतं, अपील बाकी होतं. पण चाहत्यांना अपिलाचं पडलं होतं असं मला वाटत नाही. ‘तिकडचं काहीतरी प्रकरण आहे’ या वाक्यात सगळं बसत होतं. परक्या देशातला निकाल, परक्या भाषेत, परकी न्यायाधीश मंडळी. शंकेचा फायदा द्यायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

10 ऑक्टोबर 2020 ला सांतोसनं जाहीर केलं, पोरगं घरी येतंय. पाच महिन्यांचा करार, महिन्याला फक्त 1,500 ब्राझिलियन रियाल. (वर बोनस वगैरे होताच, पण जाहिरात या आकड्याची.) क्लब कर्जात बुडालेला, हिरो जवळपास फुकटात येतोय, म्हणून कौतुक. महिलांनी सोशल मीडियावर रान उठवलं, पण क्लब चार दिवस हलला नाही. पहिला धक्का दिला एका प्रायोजकानं. ऑर्थोप्राइड, दातांना तारा लावणाऱ्या दवाखान्यांची साखळी. त्यांनी करार मोडला आणि कारण सरळ सांगितलं, आमचं गिऱ्हाईक बहुतांशी बायका आहेत. फुटबॉलच्या इतिहासात दंतवैद्यांचा असा हस्तक्षेप मला तरी दुसरा आठवत नाही.

आणि मग आला 16 ऑक्टोबर. त्या दिवशी ग्लोबो समूहाच्या क्रीडा संकेतस्थळानं निकालपत्रातली संभाषणं छापली. इटालियन पोलिसांनी फोन टॅप केले होते, गाडीत मायक्रोफोन बसवला होता. चौकशी सुरू आहे असं एक ओळखीचा माणूस रॉबिन्होला सांगतो, त्यावर हा म्हणतो: मला हसू येतंय, कारण मला त्याचं काही वाटत नाही, ती बाई पूर्ण नशेत होती, काय झालं हेही तिला माहीत नाही.

त्याच दिवशी सांतोसनं करार स्थगित केला.

आता बघा, ही वाक्यं नवीन नव्हती. ती 2017 च्या निकालाचा पायाच होती. फरक एवढाच की रॉबिन्हो बोलला पोर्तुगीजमध्ये, न्यायालयाच्या कागदात ते गेलं इटालियनमध्ये, आणि तिथं ते तीन वर्षं पडून राहिलं. 2020 मध्ये ते पोर्तुगीजमध्ये परत आलं आणि लोकांनी ते आपल्या बोलीत वाचलं. प्रत्येक ब्राझीलियन माणसानं हा सूर कुठंतरी ऐकलेला होता. ड्रेसिंग रूममध्ये, बारमध्ये, लग्नाच्या मांडवामागं. 2023 मध्ये ऊओएल या माध्यमसमूहानं तर मूळ ध्वनिमुद्रणंच पॉडकास्टमधून ऐकवली. मग ‘तिकडचं काहीतरी’ म्हणायची सोय संपली. माझं म्हणणं एवढंच आहे: निकालानं जे झालं नाही ते त्या हसण्यानं केलं. यात समाधान मानायचं की लाज वाटून घ्यायची, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही वाटतं.

करार गेल्यावर त्यानं एका मुलाखतीत तक्रार केली, काय तर दुर्दैवानं ही स्त्रीवादी चळवळ म्हणून एक आहे. ‘दुर्दैवानं’ हा शब्द त्याचा. याच्याइतकी प्रामाणिक कबुली त्यानं दुसरी दिलेली नाही.

मार्च 2024 मध्ये मात्र त्यानं जास्त टोकदार मुद्दा काढला. टीव्हीवर म्हणाला, मी गोरा इटालियन असतो तर निकाल वेगळा लागला असता. इथं थांबायला पाहिजे, कारण हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या रात्रीच्या बरोबर एकोणीस दिवस आधी, 3 जानेवारी 2013 ला, त्याच मिलान संघाचा केव्हिन-प्रिन्स बोआटेंग प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी ओरड्याला वैतागून चेंडू स्टँडमध्ये भिरकावून मैदान सोडून गेला होता, आणि सगळा संघ त्याच्यामागं गेला. इटालियन स्टेडियममधला वर्णद्वेष ही कपोलकल्पित गोष्ट नाही. पण त्या खटल्यात समोर कोण होती? इटलीत राहणारी अल्बेनियन बाई. तीही तिथं उपरीच. आणि मायक्रोफोनमधला आवाज कुणा गोऱ्या पोलिसाचा नव्हता. खरं दुखणं असं खोट्या कामाला जुंपलं की ज्यांना ते रोज सोसावं लागतं त्यांचंच नुकसान होतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ब्राझीलची राज्यघटना जन्मानं ब्राझीलियन असलेल्या माणसाला दुसऱ्या देशाच्या ताब्यात देत नाही. 2022 च्या अंतिम निकालानंतर इटलीनं मागणी केली, नकार मिळाला. तोवर हा सांतोसच्या किनाऱ्यावर फूटव्हॉली खेळतोय असे फोटो येत होते. मग इटलीनं दुसरा रस्ता धरला: माणूस देऊ नका, शिक्षा तरी तुमच्याकडं भोगायला लावा. ब्राझीलच्या 2017 च्या स्थलांतर कायद्यात तशी तरतूद आहे. कायदा गुन्ह्यानंतरचा, तो मागं कसा लावता, असा बचाव झाला. 20 मार्च 2024 ला राजधानी ब्राझीलियातल्या उच्च न्यायपीठानं नऊ विरुद्ध दोन मतांनी इटलीचा निकाल मान्य केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला घरातून उचललं आणि त्रेमेंबेच्या तुरुंगात नेलं.

नेमक्या 20 तारखेलाच बार्सिलोनात दानी आल्वेसला, बलात्काराच्या खटल्यात शिक्षा झालेल्या ब्राझीलच्याच दुसऱ्या फुटबॉलपटूला, दहा लाख युरोंवर जामीन मंजूर झाला. (त्याची शिक्षा पुढं मार्च 2025 मध्ये वरच्या न्यायालयानं पुरावा अपुरा म्हणून रद्द केली, हे इथंच सांगून टाकतो, दोघांना एका दोरीत बांधू नका.) ब्राझीलचा संघ त्या आठवड्यात लंडनमध्ये होता. प्रशिक्षक दोरिवाल, ज्यानं 2010 मध्ये सांतोसला रॉबिन्होला खेळवलेलं, तो चाचरत बोलला: माझा खेळाडू, माणूस चांगला, पण सिद्ध झालं असेल तर शिक्षा व्हायलाच हवी. संघाची प्रमुख म्हणून गेलेली पाल्मेइरास क्लबची अध्यक्ष लेइला पेरेइरा मात्र चाचरली नाही. ती म्हणाली, कुणीच काही बोलत नाही, म्हणून मला बोलावं लागतंय. आम्हा सगळ्या बायकांच्या तोंडात मारल्यासारखं आहे हे.

हा बदल किती मोठा ते कळायला थोडं मागं जावं लागेल. 1987 साली ब्राझीलच्या ग्रेमिओ क्लबचा संघ स्वित्झर्लंडला गेला होता. बर्नच्या हॉटेलात तेरा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचारावरून चार खेळाडू पकडले गेले, महिनाभर कोठडीत राहिले. परत आले तेव्हा लोकांनी त्यांचं हिरोसारखं स्वागत केलं. त्यातला एक, कुका, पुढं नावाजलेला प्रशिक्षक झाला. 2023 मध्ये कोरिंथियन्सनं त्याला नेमलं आणि दोन सामन्यांत त्याला जावं लागलं. त्या क्लबच्या महिला संघानं एकत्र निवेदन काढलं: मुलींचा मान राखा, हे आमचं नुसतं घोषवाक्य नाही. (नंतर स्विस न्यायालयानं त्या प्रकरणात त्याला मागं झालेली शिक्षा रद्द केली, खटल्याच्या वेळी त्याच्या बाजूनं वकीलच नव्हता, आणि फेरखटल्याची मुदत संपून गेली होती.) मधल्या छत्तीस वर्षांत कायद्याची कलमं किती बदलली ते वकील सांगतील. स्टँडमध्ये बायका किती वाढल्या, ते मात्र डोळ्यांना दिसतं.

शेवटी घरातलं सांगतो. आमच्या गल्लीत एक पोरगा पेडालादा इतका झकास मारायचा की त्याचं नावच रॉबिन्हो पडलं. आता पस्तिशीचा आहे, गॅरेज चालवतो. अटकेची बातमी आली त्या आठवड्यात गाडी टाकायला गेलो तर आतून कुणीतरी ओरडलं, “ए रॉब्या, पाना दे.” मी त्याला विचारलं, बातमी वाचलीस का, हे नाव आता नको वाटत नाही का. हात पुसत तो म्हणाला, “सर, बायकोनं त्याच दिवशी सांगितलं, पोरीसमोर त्या नावानं हाक मारायची न्हाई. ती नावानंच बोलावती आता. पर ही पोरं कुठं ऐकत्यात?” आणि पाना घेऊन गाडीखाली गेला.