छोट्या बेटावरची रेडिओ डॉक्युमेंटरी: ऐकणारा सगळं ओळखतो

नमस्कार. आज बोलायचंय छोट्या बेटावरच्या रेडिओ डॉक्युमेंटरीबद्दल. आकाशवाणीच्या भाषेत, रूपकाबद्दल. वस्ती चारपाचशेची, ये-जा बोटीनं, आणि कार्यक्रम आधी बेटावरच ऐकला जाणार.

ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. शहरावरच्या कार्यक्रमात बोलणाऱ्याला ओळखणारे श्रोते थोडेच असतात. बेटावर सगळे ओळखतात. माणसाचा आवाज तर ओळखतातच, पण इंजिन कुठल्या होडीचं आहे, पाणी भरतीचं आहे की ओहोटीचं, हेही कानावरून सांगतात. तामिळनाडूतल्या पांबन बेटावर ‘कडल ओसै’ नावाचं कोळी समाजाचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. त्या नावाचा अर्थच ‘समुद्राचा आवाज’. अशा श्रोत्यांसमोर साउंड लायब्ररीतल्या तयार लाटा आणि दुसऱ्याच किनाऱ्यावरचे पक्षी वाजवू नका. पहिल्या मिनिटात चोरी पकडली जाते, आणि मग पुढच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

विषय निवडताना ‘बेटावरचं जीवन’ असा विषय घेऊ नका. तो फार मोठा आहे आणि त्यातून फक्त गोड पोस्टकार्ड तयार होतं. एक वस्तू किंवा एक सोय धरा आणि तिच्या मागे चालत राहा. पिण्याचं पाणी घ्या: ते कुठून येतं, कोण सोडतं, कुणाच्या घरी शेवटी पोचतं, आटलं की भांडण कुठे होतं. २८ मिनिटांच्या कार्यक्रमाला एवढं भरपूर होतं, आणि त्यातच नातीगोती, पैसा, राजकारण सगळं आपोआप येतं.

प्रश्नही तसेच हवेत. ‘इथं राहणं कसं वाटतं?’ असं विचारलं की माणूस पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं उत्तर देतो. ‘शेवटची बोट चुकली तर रात्री कुठे झोपता?’, ‘गॅसचं सिलिंडर धक्क्यापासून घरापर्यंत कोण आणतं?’, ‘मध्यरात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर पहिला फोन कुणाला?’ असं विचारा. नावं येतील, वेळा येतील, खर्च येईल. पुढारी, निवृत्त शिक्षक आणि बोट चालवणारा हे तिघे माइक दिसला की बोलतात. त्यांना घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. लग्न होऊन आलेल्या बायका, हंगामापुरते येणारे कामगार आणि बेट सोडून गेलेली माणसं मुद्दाम शोधावी लागतात.

आता रेकॉर्डिंग.

[माइक कॅमेऱ्यासमोर धरून]

हा साधा डायनॅमिक, सगळीकडून ऐकणारा रिपोर्टरचा माइक. बेटावर मी याच्याच बाजूनं आहे. हाताळल्याची खरखर कमी येते, वारा बराच सोसतो, आणि जवळ धरला तरी आवाज घुमत नाही. तोंडापासून अर्धी वीत अंतर ठेवा. कंडेन्सर माइक अधिक बारकावे टिपतो, पण खाऱ्या दमट हवेत त्यात फुसफुस आणि तडतड सुरू होते. मीठ ओलावा धरतं, त्यातून कॅप्सूलमधला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागातला, विद्युतभार झिरपतो, म्हणून हे होतं. असा माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा. एसीच्या खोलीतून बाहेर आलात तर पिशवी अर्धा तास उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. संध्याकाळी सगळी उपकरणं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि मग कोरडी करा.

सेटिंग: ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाइल. तासाला साधारण ५१८ एमबी लागतात. बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि लो-कट, म्हणजे खालची घरघर कापणारं बटण, ८० हर्ट्‌झवर लावा. वाऱ्याला नुसता स्पंज पुरत नाही, केसाळ कव्हर हवं. तरीही वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, नाहीतर भिंतीच्या किंवा उपड्या होडीच्या आडोशाला बसा. वाऱ्याच्या झोताने आवाज रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटला तर तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं शिवता येत नाही.

किनाऱ्यावर उभं राहून मुलाखत घेऊ नका. मोह होतो, कळतं. पण फुटणारी लाट खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत आवाज करते आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ नेमके त्याच जागेत बसतात. नॉइज रिडक्शन लावलं की माणूस बादलीतून बोलल्यासारखा वाटतो. मुलाखत आत घ्या, समुद्र वेगळा भरा.

समुद्र भरताना घड्याळापेक्षा भरतीचं वेळापत्रक बघा. जिथे दिवसात दोनदा भरती येते, तिथे दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. आज सकाळी नऊला धक्क्यावर भरती असेल, तर पुढच्या आठवड्यात नऊला तिथेच ओहोटी. हे दोन तुकडे एकाच सकाळचे म्हणून जोडले तर बाहेरच्याला कळणार नाही, बेटावरच्याला लगेच खटकेल. उधाणाचं, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचं पाणी आणि भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीचं पाणी यांतही फरक ऐकू येतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी भरतीची पाच मिनिटं, ओहोटीची पाच मिनिटं आणि प्रत्येक मुलाखतीच्या खोलीतली एक मिनिट शांतता भरून घ्या. पाच मिनिटांहून छोटा तुकडा फिरवत ठेवला तर त्यातला एखादा पक्षी पुन्हा पुन्हा ओरडताना पकडला जातो.

आणखी एक अडचण छोट्या रेडिओ संचाची. ग्लेन गूल्ड या पियानोवादकानं १९६९ मध्ये कॅनडाच्या सीबीसीसाठी न्यूफाउंडलंडच्या माणसांवर ‘द लेटकमर्स’ ही डॉक्युमेंटरी केली. तिच्यात समुद्र बोलण्याखाली वाहतच राहतो. पण त्यांच्याकडे स्टिरिओ होता, आवाज डावी-उजवीकडे मांडता येत होते. स्वयंपाकघरातल्या छोट्या संचावर दूरच्या लाटांची गाज आणि स्टेशन नीट न लागल्याची खरखर सारखीच वाटते. ऐकणारा बटण फिरवायला लागतो! म्हणून जवळचे आवाज घ्या: होडीच्या बुडाशी चुळचुळणारं पाणी, ताणलेल्या दोराची करकर, परतणाऱ्या लाटेबरोबर घरंगळणारे गोटे. ते कुठल्याही स्पीकरवर ओळखू येतात. शेवटचं मिक्स मोनोत, साध्या मोबाइलवर ऐकून बघाच. बोलण्याखालचा समुद्र १५ ते २० डेसिबल खाली ठेवा.

संपादनात लाटांची लय सांभाळा. मागे समुद्र असलेलं वाक्य मधेच कापलं तर लाट अर्धी तुटते आणि कानाला ठेच लागते. शक्यतो दोन लाटांच्या मधल्या शांत जागेत कापा, नाही जमलं तर त्याच जागी, त्याच भरतीला भरलेला समुद्र वरून पसरा. बोलणाऱ्याचे श्वास काढू नका. लाउडनेस, म्हणजे कार्यक्रमाचा एकूण आवाज किती मोठा हवा, ते रेडिओ केंद्राला विचारा. तो एलयूएफएस या एककात मोजतात. युरोपीय प्रसारणाचं मानक उणे २३ एलयूएफएस आहे.

[थोडं थांबून]

आता परवानगी. हे नीट ऐका, कारण इथली चूक माणसाला वर्षानुवर्षं भोगावी लागते. छोट्या बेटावर निनावी असं काही नसतं. आवाज बदलला तरी बोलायची ढब तीच राहते. ‘शाळेतल्या एका बाई म्हणाल्या’ असं निवेदन केलं आणि शाळेत बाई एकच असतील, तर नाव सांगितल्यासारखंच आहे. दोन निरुपद्रवी तपशील, दोन वेगळ्या ठिकाणचे, जोडले की तिसरा माणूस उघडा पडतो. अशा वेळी उतारा गाळा, किंवा मुद्दा निवेदकाच्या तोंडी इतका सैल मांडा की तो कुणाही एकावर येणार नाही.

प्रसारणाआधी प्रत्येकाला त्याचा उतारा ऐकवा, आगेमागे काय येतं त्यासकट. काय बदलता येईल ते सुरुवातीलाच सांगा: चुकीची माहिती आणि होणारं नुकसान, एवढंच. ‘मी अडखळतोय, ते काढा’ हे त्यात बसत नाही, पण ‘हे ऐकून भाऊ बोलायचा बंद होईल’ हे बसतं. लहान मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या.

वेळापत्रकात एक दिवस रिकामा ठेवा, बोट रद्द होतेच. मोठी मुलाखत परतीच्या बोटीआधीच्या तासात लावू नका. बोलणाऱ्याला तुमची घाई दिसते आणि तो आवरतं घेतो. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत, शक्य तर वेगवेगळ्या बोटींनी न्या. पहिलं प्रसारण शेवटची बोट लागून माणसं घरी पोचल्यावर ठेवा. आणि कच्च्या फाइलींची एक प्रत बेटावरच्या शाळेत किंवा वाचनालयात द्या. प्रत्येक फाइलवर तारीख, जागा, वाऱ्याची दिशा आणि भरतीची स्थिती लिहा. बोलणाऱ्यानं नको म्हटलेले तुकडे त्या प्रतीतूनही काढा.